बुकशेल्फ स्पीकर घेताना कान कुठे लावावा

प्रश्न देवगडच्या एका निवृत्त गुरुजींचा आहे. घर चिऱ्याचे, ओटीला लागून असलेली ऐकण्याची खोली १२ बाय १४ फूट, वर मंगलोरी कौले. ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि भजन. मुलाने दिलेला ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर चांगल्या स्थितीत आहे आणि स्पीकरसाठी ४० हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दोन जोड्या त्यांच्या नजरेत आहेत. एक पुण्यातल्या दुकानातली, साडेसहा इंची वूफरची (खालचे स्वर वाजवणारा भाग) नवी परदेशी जोडी, ३८ हजारांना. दुसरी कोल्हापुरातल्या एका गृहस्थांकडची, सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची, त्या काळी नावाजलेली ब्रिटिश जोडी, २२ हजारांना. ते विचारतात की महाग स्पीकर खरोखर चांगला वाजतो की तसे नुसते वाटते, आणि आपल्यासारख्या सामान्य कानाने ते ओळखायचे कसे.

गुरुजी, ज्याने समोर बसून गाणे ऐकले आहे त्याचा कान सामान्य नसतो. दुकानात गोंधळ होतो तो कान कच्चा असतो म्हणून नव्हे, तर तुलना चुकीच्या पद्धतीने मांडलेली असते म्हणून. दोन स्पीकर एकाच व्हॉल्यूमवर लावले तरी ते सारख्या मोठ्याने वाजत नाहीत. एकाची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेवर मोठ्याने वाजण्याची क्षमता, ८५ डेसिबल असेल आणि दुसऱ्याची ८८, तर अ‍ॅम्प्लिफायरचे बटण तिथेच असतानाही दुसरा ठळकपणे मोठा वाजतो, आणि जो मोठा वाजतो तो आपल्याला अधिक भरदार, अधिक स्पष्ट आणि म्हणून अधिक चांगला वाटतो. याला कारण आहे. आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर तुलनेने कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते वर येतात. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच याची मोजमापे प्रसिद्ध केली होती. विक्रेत्याला शास्त्र ठाऊक नसले तरी परिणाम नक्की ठाऊक असतो, आणि जी जोडी खपवायची आहे ती हळूच थोडी मोठी वाजते.

म्हणून पहिला आग्रह आवाज समान करण्याचा धरावा. फोनमध्ये आवाज मोजण्याचे एखादे अ‍ॅप घ्यावे, पिंक नॉइज म्हणजे धबधब्यासारखा सलग आवाज लावावा, फोन आपल्या बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर धरावा आणि दोन्ही जोड्यांचा आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत आणावा. फोनचा आकडा प्रत्यक्षात बरोबर असेलच असे नाही, पण तोच फोन त्याच जागी धरला तर तुलनेपुरता तो पुरतो. शक्य असेल तर कोणती जोडी वाजते आहे हे आपल्याला न सांगता सोबतच्या माणसाला तारा बदलायला सांगावे. एवढे केले की किमतीतला फरक कानावरून पुष्कळदा अर्ध्यावर येतो, आणि जो उरतो तो खरा असतो.

आता काय लावून ऐकावे. दुकानातली ध्वनिमुद्रणे बहुधा स्पीकरची शोभा वाढवण्यासाठीच निवडलेली असतात. ती बाजूला सारून आपल्या रोजच्या परिचयाची गाणी न्यावीत. माझ्या मते स्पीकरची पहिली कसोटी माणसाचा आवाज हीच, कारण सतार किंवा व्हायोलिन थोडे रंगवून वाजले तरी आपण ते मान्य करतो, पण ओळखीच्या गळ्यात झालेला बदल चटकन कळतो. गायिकेचा आवाज नाकातून येतो आहे का, 'स' आणि 'श' चरचरतात का, खालच्या सप्तकात उतरताना गायक एकदम मडक्यात तोंड घालून गातो असे वाटते का, हे पाहावे. जुन्या नाट्यपदांची कित्येक मुद्रणे मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर एकच आवाज देणारी, आहेत आणि त्यांचा इथे एक खास उपयोग होतो: मोनो मुद्रण वाजताना गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध, एका जागी उभा असल्यासारखा ऐकू आला पाहिजे. तो डावीकडे सरकला तर जोडीतले दोन नग एकसारखे नाहीत किंवा खोलीची एक बाजू वेगळी आहे. तो सगळीकडे पसरला आणि खालचे स्वरही नाहीसे झाले, तर एका स्पीकरची लाल आणि काळी तार उलटी जोडली आहे. ही चूक दुकानातही होते आणि मग निर्दोष जोडी नापास होते.

दुसरी कसोटी तानपुऱ्याची. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. जवारी नीट लागलेली असेल तर त्या एका तारेतून उमटणारे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पोचतात. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर हे सर्किट वूफरकडून काम काढून वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्वीटरकडे देते. तिथला सांधा ओबडधोबड असेल तर जवारीचा झणकार दोन तुकड्यांत ऐकू येतो. खाली एक गुंजन, वर एक वेगळी चुरचुर, आणि मधे पोकळी. चांगल्या स्पीकरवर तो झणकार एकाच तारेतून निघतो. हे ऐकायला दोन मिनिटे शांतपणे नुसता तानपुरा ऐकावा लागतो, आणि दुकानात तेवढा धीर फार थोडे लोक दाखवतात.

भजन ऐकणाऱ्याने डबलबारीचे एखादे चांगले मुद्रण अवश्य न्यावे. पखवाजाची धुमाची बाजू, वरची झांज, मधे पेटी आणि त्यातून उठणारा बुवांचा आवाज, एवढे सगळे एकदम अंगावर आले की सामान्य स्पीकर गडबडतो. झांजेच्या आघातानंतर तिची आस हवेत विरत जाते की 'छिस्स' करून तुटते, आणि गजर चढल्यावरही शब्द वेगळे कळतात की नाही, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे.

खालच्या स्वरांबाबत एक सावधगिरी आहे. शिमग्यात, गणपतीत आणि लग्नाच्या हळदीत मांडवातले मोठे स्पीकर ऐकून आपल्याकडे अशी समजूत झाली आहे की छातीत धडधड झाली म्हणजे स्पीकर दमदार. पाच-सहा इंची वूफरकडून ती अपेक्षा ठेवू नये. एक सप्तक खाली जाऊन तेवढ्याच मोठ्याने वाजायचे तर वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, म्हणजे कोनला, चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते; लहान कोनची धाव तिथे संपते. मग काही कंपन्या काय करतात, तर शंभर हर्ट्झच्या आसपासचा पट्टा थोडा फुगवतात. दुकानात ते भरदार वाटते. घरी आठवडाभराने लक्षात येते की डग्ग्याची प्रत्येक घीस एकाच स्वरात 'धुम्म' अशी वाजते आणि वादकाने मनगटाने दाबून काढलेली मींड ऐकूच येत नाही. तुमच्या संगीताला ६० हर्ट्झपर्यंत सरळ जाणारा स्पीकर पुरेसा आहे, कारण खर्जाची तार तिथे मावते. त्याखाली जाण्यासाठी तुम्ही वेगळे पैसे मोजण्याचे मला काही कारण दिसत नाही.

माहितीपत्रक वाचताना ४५ हर्ट्झ एवढाच आकडा पाहू नये. तो किती डेसिबलच्या फरकाने दिला आहे ते पाहावे. अधिक-उणे तीन डेसिबलच्या आत ५५ हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर आणि उणे दहा डेसिबल होऊन ४५ला टेकणारा स्पीकर यांत पहिला बरा, जरी कागदावर दुसऱ्याचा आकडा अधिक चांगला दिसला तरी. सेन्सिटिव्हिटीही तपासावी: ती साधारणपणे २.८३ व्होल्टला एक मीटरवर मोजतात. आठ ओहमच्या स्पीकरला त्या व्होल्टला एक वॅट लागतो, पण चार ओहमच्या स्पीकरला दोन, म्हणून चार ओहमवाल्याचा आकडा तीन डेसिबलने फुगलेला असतो. 'पीएमपीओ' या फुगवलेल्या मापात हजारो वॅट लिहिलेले असतील तर तो कागद तिथेच मिटावा.

तुमच्या ५० वॅटचा हिशेब सोपा आहे. ८६ डेसिबलची जोडी, अंतर अडीच मीटर, दोन स्पीकर आणि खोलीचा हातभार धरला तर एका वॅटमध्ये तुमच्या खुर्चीवर अंदाजे ८३ डेसिबल मिळतात. ख्याल ऐकताना सरासरी ७५च्या पुढे सहसा कोणी जात नाही. समेवरच्या क्षणिक उसळीसाठी ९५ धरले तरी सोळा वॅटमध्ये भागते. वॅटच्या मागे लागण्याची गरज नाही. उलट लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की आवाजाच्या लहरींचे माथे छाटले जातात आणि पहिला बळी ट्वीटरचा जातो. दुरुस्तीला येणाऱ्या जळक्या ट्वीटरमागे मला बहुधा हेच कारण सापडते.

महाग आणि चांगला यांतला फरक मोजता येतो का, याचे उत्तर होय असे आहे. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीत, श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवून वर्षानुवर्षे प्रयोग केले. स्पीकर दिसत नसला की बहुतेकांची पसंती एकाच दिशेने जाते, असे त्यांत आढळले: समोरून ज्याचा प्रतिसाद सपाट आहे, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने येतात, आणि बाजूला जाताना जो एकदम न बदलता हळूहळू, सारखेपणाने उतरतो, तो स्पीकर लोकांना आवडतो. किमतीचा त्याच्याशी थेट संबंध नसतो. आज या पद्धतीने आडव्या आणि उभ्या दिशेला दर दहा अंशांवर मोजमापे घेतात आणि अनेक स्पीकरचे असे आलेख इंटरनेटवर मोफत पाहायला मिळतात. पुण्याच्या जोडीचा मॉडेल क्रमांक घेऊन तो आलेख आधी पाहावा. आलेख मिळाला नाही तर दुकानात एक सोपी चाचणी करता येते. गाणे चालू ठेवून खुर्चीतून उठावे, बाजूला चार पावले चालावे, मग खाली बसावे. गायकाचा आवाज थोडा मंद झाला तर हरकत नाही. तो वेगळ्याच माणसाचा झाला तर तो स्पीकर घरात आणू नये, कारण घरी तुम्हाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा मोठा वाटा भिंतींवरून परत येणारा, म्हणजे बाजूने निघालेलाच असतो.

आता खोली, आणि इथे तुमचे घर तुमच्या बाजूने आहे. मुंबई-पुण्याच्या स्लॅबच्या चौकोनी खोलीत खालचे स्वर कोंडून घुमतात. कौलारू छप्पर उतरते असते, त्यात फटी असतात, आणि घुमणारा बराचसा भाग तिथून निघून जातो. तरीही चिऱ्याच्या जाड, गिलावा केलेल्या भिंती आवाज हलू न देता परत फेकतात. १४ फूट लांबीला पहिली घुमण ४० हर्ट्झला आणि तिची दुप्पट ८० हर्ट्झला येते. १२ फूट रुंदीला ४७ आणि ९४. यांतले ८० आणि ९४ हे आकडे डग्ग्याच्या आणि पखवाजाच्या प्रदेशातले आहेत, म्हणून खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नये आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही ठेवू नये. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर ठेवून पाहावी.

स्पीकर भिंतीपासून किती पुढे घ्यावा याला एकच उत्तर नाही, पण कारण समजून घेतले तर उत्तर घरीच मिळते. स्पीकरचे तोंड त्याच्याच मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवर जाऊन परत येणारी लहर सुमारे १४३ हर्ट्झला मूळ लहरीला छेद देते. काळी एकचा षड्ज १३९ला आहे. म्हणजे गायक षड्जावर येऊन ठेपतो आणि नेमका तिथेच आवाज पातळ होतो, आणि आपण दोष स्पीकरला देतो. तानपुऱ्याचे अ‍ॅप आपल्या आवडत्या गायकाच्या पट्टीत लावून स्पीकर चार-चार बोटे पुढेमागे सरकवत जावे. ज्या जागी षड्ज भरून येतो तिथे थांबावे. भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांपासूनची अंतरे एकसारखी येऊ देऊ नयेत, नाहीतर तिन्ही छेद एकाच स्वरावर पडतात. शहाबादी फरशीवर स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी टाकावी.

स्टँडवर पैसे घालवण्याआधी अंगणात पाहावे. बांधकामातून उरलेले चिरे एकावर एक रचून ट्वीटर कानाच्या उंचीवर आणला तर दहा हजारांच्या लोखंडी स्टँडइतका तो आधार स्थिर असतो. जांभ्याची तांबडी धूळ मात्र सतत झडते, म्हणून चिऱ्याला पातळ गिलावा करावा किंवा रंगाचे दोन हात द्यावेत, आणि स्पीकरखाली रबराचे चार तुकडे ठेवावेत.

किमतीचा विचार करताना कोकणात आणखी एक हिशेब मांडावा लागतो, तो हवेचा. चार महिने हवेतली ओल आणि बाराही महिने समुद्राचा खार यांनी स्पीकर बिघडतात त्या जागा ठरलेल्या आहेत. कोनभोवतीची कड फोमची असेल तर ती दमट हवेत चिकट होऊन शेवटी भुग्यासारखी गळते; रबराची कड कितीतरी अधिक टिकते. कॅबिनेट बहुधा एमडीएफचे, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे, असते आणि त्याच्या ज्या कडा लॅमिनेटने झाकलेल्या नाहीत, बहुधा तळाशी आणि तारांच्या कपाच्या भोवती, तिथे ओल शिरून लाकूड फुगते. तारा जोडायच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू मधेच बंद पडू लागते. मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या भोकात, कुंभारीण माशी चिखलाचे घर बांधते, हे शहरातल्या कंपनीच्या अभियंत्याला सांगितले तर तो हसतो, पण पोर्टचे तोंड बुजले की खालचे स्वर जातात आणि मालक वूफर खराब झाला म्हणून घेऊन येतो. स्पीकर बंद असताना पोर्टमध्ये स्पंजचा बोळा ठेवावा.

याच कारणाने अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेल्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरचा सल्ला मी किनाऱ्यावर सहसा देत नाही, जरी त्याच पैशात त्यांचा आवाज पुष्कळदा सरस असतो. वळवाच्या दिवसांत एक वीज जवळ पडली, किंवा व्होल्टेज उड्या मारू लागले, की आतले सर्किट जाते, आणि ते बोर्ड इथे मिळत नाही. साध्या स्पीकरला दोन तारा आणि एक क्रॉसओव्हर, एवढेच आत असते. अ‍ॅम्प्लिफायर जळला तर तो बदलता येतो, स्पीकर राहतो.

जास्त पैशात काय मिळते, तर जड आणि आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेले कॅबिनेट, चांगले सुटे भाग घातलेला क्रॉसओव्हर, दोन नगांतला सारखेपणा, आणि पुढे नाव, रंग, विनीअर. पहिल्या तीन गोष्टी कानाला कळतात. परदेशी मालावर वाहतूक, जकात आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा चढतो, म्हणून कोलकात्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपन्यांच्या जोड्याही त्याच बैठकीत ऐकाव्यात. आकाराने भुलू नये. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस ३/५ए हा पाच इंची वूफरचा लहानसा डबा बोलण्याचा आवाज पारखण्यासाठी घडवला होता. खालचे स्वर त्याला फारसे नाहीत, सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास, आणि तरीही माणसाच्या गळ्याच्या खरेपणासाठी लोक आजही त्याला मोठी किंमत देतात.

तुमच्या दोन जोड्यांपैकी कोल्हापूरची जोडी, निर्दोष असेल तर, २२ हजारांना चांगला सौदा आहे. पण तिथे जाऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोल्हापुरात २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले होते, म्हणून कॅबिनेटचा तळ नखाने दाबून पाहावा, स्क्रूंच्या डोक्यावर गंज आहे का ते पाहावे आणि पोर्टमध्ये टॉर्च मारून आत गाळाची रेघ दिसते का ते शोधावे. कोनची कड बोटाने हलकेच चाचपावी; चिकट लागली तर ती फोमची आहे आणि सरते आहे. कोनच्या मधल्या घुमटीभोवती, म्हणजे डस्ट कॅपभोवती, तीन बोटे सारख्या दाबाने टेकवून कोन अगदी थोडा आत ढकलावा. आत घासल्याची खरखर आली तर कोन हलवणारी आतली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, गेली. दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर लावावा, अधिकची बाजू लालला; दोन्ही वूफर एकाच दिशेने, बाहेर, उचलले पाहिजेत. शेवटी एकच मोनो गाणे आधी डाव्या आणि मग उजव्या स्पीकरवर त्याच जागेवरून ऐकावे. जुन्या ट्वीटरमधले द्रव कधी वाळलेले असते किंवा क्रॉसओव्हरचे कपॅसिटर उतरलेले असतात, आणि तसे असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा मंद लागते. कपॅसिटर बदलणे किरकोळ काम आहे आणि फोमची कड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळू शकते. पण त्या मॉडेलचा ट्वीटर बनायचा थांबला असेल तर त्याच्या जोडीचा दुसरा शोधण्यात वर्ष जाते. ट्वीटरमध्ये शंका आली तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये.

यांत कुठे अडले तर पुण्याची नवी जोडी घ्यावी, कड रबराची आहे याची खात्री करून आणि दुकानदाराकडून पंधरा दिवसांत परत करण्याची मुभा बिलावर लिहून घेऊन. ती मुभा तो देत नसेल तर त्याच पैशात ती देणारा दुसरा दुकानदार शोधावा, कारण तुमच्या खोलीत आणि तुमच्या षड्जावर ती जोडी कशी वाजते हे पुण्यात बसून कोणालाच सांगता येणार नाही. खरेदी शक्यतो दिवाळीनंतर करावी. पावसाचा आवाज कौलांवर चालू असताना ख्यालाचा विलंबित ऐकून स्पीकर पारखता येत नाही, आणि रिकामी पेटी थर्माकोलसह माळ्यावर जपून ठेवावी, म्हणजे परत पाठवायची वेळ आली तर एसटीने तो डबा धड जातो.